फरकाला भागून बघ

२ मार्च

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र येऊन चार दिवस झाले, तेव्हापासून माझे जेवणात लक्ष नाही. तुझी आजी म्हणते की मला काळजीला कारण लागत नाही, नुसते पाकीट पुरते. पण वीस तारखेला तुझ्या पीएच.डी.ची समिती बसणार आणि तुझी रीत चुकीची ठरली तर दोन वर्षांचे काम टाकून दुसरा विषय घ्यावा लागणार, असे तूच लिहिलेस ना? मग मी स्वस्थ बसू कसा?

नेमके अडले कुठे ते सविस्तर लिही. मी सातवी शिकलेला, पुढे चाळीस वर्षे कारखान्याच्या स्टोअरमध्ये हातमोजे नि साबण वाटणारा. मला सगळे कळणार नाही, ठाऊक आहे. पण अजिबात न कळलेल्या गोष्टीची काळजी फार वाईट असते. लहानपणी प्रश्न विचारत माझ्याभोवती गुणगुणायचीस म्हणून तुझे नाव भुंगा पडले. आता मी विचारतो, तू सांग.

खोकला गेला का? उघड्या खिडकीशी बसू नकोस. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
आजोबा

७ मार्च

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

खोकला केव्हाच गेला. खिडकी उघडतच नाही, गंजली आहे. तेव्हा ती एक काळजी कमी करा.

आता अडचण. डबाभर वायूत इतके कण असतात की एकेकाच्या मागे धावणे कुणालाच जमणार नाही. म्हणून आम्ही ते कण किती तऱ्हांनी मांडता येतील हे मोजतो आणि त्यावरून त्या सगळ्या गर्दीची मुक्त ऊर्जा, म्हणजे कामी लावता येईल इतकी ऊर्जा, काढतो. मोजण्याच्या पद्धती दोन. जुनी पद्धत कणांना बारीक गोट्या समजते. दुसरी पुंजयामिकीची, म्हणजे क्वांटमची, ती कणांचे खरे, चमत्कारिक वागणे धरून चालते. थंडीत दोघींची उत्तरे वेगळी येतात, यायलाच हवीत. पण वायू तापवत नेला की ती एकमेकांना येऊन मिळाली पाहिजेत.

माझी नवी रीत दुसऱ्या पद्धतीची आहे. तिची उत्तरे जुन्या पद्धतीला मिळतच नाहीत. उलट जितके तापवावे तितका फरक वाढतो. माझे मार्गदर्शक सर म्हणतात की उष्णता वाढली की माझी रीत ढासळते, याचा अर्थ ती मुळातच कच्ची आहे. जुन्या पद्धतीचा प्रोग्रॅम सरांनी स्वतः वीस वर्षांपूर्वी लिहिलेला, तो बिनचूक. मी माझी एकेक ओळ अकरा वेळा तपासली. आता डोळ्यांना ओळी दिसतात, अर्थ दिसत नाही.

आजीला यातले काही सांगू नका. तुमची काळजी मला पुरते. लोभ आटू देऊ नका.

तुमची,
भुंगा

१२ मार्च

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

आजीला सांगितले नाही, तिने पत्र वाचले. मी चष्मा शोधत होतो तेवढ्यात.

मी पत्र चार वेळा वाचले. कण मला कळले नाहीत, पण मोजणे कळते, म्हणून भीत भीत लिहितो. हसू आले तर हस आणि कागद फाडून टाक, सरांना दाखवू नकोस.

एका वर्षी स्टोअरची मोजणी झाली. माझे आणि वरच्या ऑफिसमधल्या कारकुनाचे आकडे जुळेनात. लहान ढिगात फरक लहान, मोठ्या ढिगात मोठा. सगळे म्हणाले की माल वाढला की याचे लक्ष उडते. कुणी चोरीही म्हणाले. मला तीन दिवस घास गिळवेना. मग माझ्या मनात आले की चोर ढीग मोठा तसे जास्त, असे मापून कशाला नेईल? नुसता फरक न पाहता मी तो ढिगाच्या मापाने भागून पाहिला. सगळीकडे उत्तर एकच! म्हणजे दोष ढिगात नव्हता, मोजण्यात होता. मी हातमोज्यांचे नग मोजत होतो, डावा वेगळा, उजवा वेगळा. कारकून जोड्या मोजत होता.

तुझा फरक उष्णतेबरोबर वाढतो म्हणतेस. तो कसाही वाढतो की उष्णतेच्याच मापाने? प्रत्येक ठिकाणी फरकाला उष्णतेने भागून बघ. एकच उत्तर आले तर तुझी रीत ढासळत नाही, दोघांपैकी कुणीतरी भलतेच काही मोजते आहे. आणि तपासताना सरांचे म्हणून सोडू नकोस. तो कारकूनही माझ्याहून शिकलेला होता.

फार बोललो. आजी म्हणते की आता मी देशाचा कारभारही सांगेन. चुकले असेल तर राग धरू नकोस, जवळीक कमी करू नकोस.

तुझा,
आजोबा

२१ मार्च

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

बसून वाचा. आजीलाही बसवा.

पत्र आले तेव्हा मी प्रयोगशाळेच्या जिन्यात होते. तिथेच पाकिटाच्या पाठीवर भागाकार केले. सात ठिकाणी सातही वेळा एकच आकडा आला, आणि तो म्हणजे दोनाचा लॉगरिदम! आमच्या भाषेत याचा अर्थ इतकाच की दर कणामागे कुठेतरी एक दोनपट राहून गेली आहे. माझ्या कणांना एक फिरकी असते, ती दोन तऱ्हांची, वर किंवा खाली. सरांनी प्रोग्रॅम लिहिला तो फिरकी नसलेल्या कणांसाठी. तो माझ्या कणांना वापरताना ही दोनपट कुणी घातलीच नव्हती, ना सरांनी, ना मी. एक ओळ बदलली आणि दोन्ही रेषा तापवत नेल्यावर अशा मिळाल्या की वेगळ्या काढता येईनात.

काल समितीपुढे सरांनी खडू मागून सगळे स्वतः फळ्यावर करून पाहिले. मग खडू ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले की दोन वर्षे ते चुकीच्या घरात चोर शोधत होते, माझी रीत पहिल्या दिवसापासून खरी होती. समितीने एकमताने काम पुढे चालू ठेवले. शिवाय पुढच्या महिन्यापासून सगळा विभाग माझी रीत वापरणार आहे, आणि ती शिकवायची मीच. नावे नोंदवायच्या कागदावर पहिले नाव सरांनी घातले आहे.

हा भागाकार सुचला कुठून, असे त्यांनी विचारले. मी तुमचे पत्र वाचून दाखवले. सांगितल्याप्रमाणे फाडले नाही, त्याबद्दल क्षमा असावी. आशीर्वादाचा हात डोक्यावर असू द्या.

तुमची,
भुंगा

२५ मार्च

चि. भुंग्यास,
अनेक, अनेक आशीर्वाद.

सरांना पत्र वाचून दाखवलेस! त्यातले शुद्धलेखन पाहून त्यांना काय वाटले असेल? आणि तो कारकुनाचा दाखला! आजी म्हणते की आज तरी मी तोंड भरून हसावे. हसलो. जिन्यातून उतरलो, भेटेल त्याला सांगितले, समोरच्या चांभाराला तर दोनदा. तो म्हणाला की कण त्याला समजले नाहीत, पण सर चुकले हे समजले. तुझ्या दोन रेषा पाटीवर काढून खिडकीत ठेवल्या आहेत. येणारा-जाणारा विचारतो, आजी समजावते. माझ्याहून बरे समजावते.

आता मला शिकवण्याची काळजी आहे. आवाज मोठा ठेव. भरभर पुढे जाऊ नकोस. सर पहिल्या बाकावर बसले तर घाबरू नकोस. आणि त्यांना एखादी गोष्ट पुन्हा विचारावी लागली तर, पोरी, चिडू नकोस हं, समजेपर्यंत शांतपणे सांग.

आम्हा दोघांवर जीव असाच असू दे.

तुझा,
आजोबा