लहान मुलांच्या उताराची माती वाहून गेल्याबद्दल मला दोषी ठरवण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
उद्याने व दफनभूमी विभाग,
नगर कार्यालय, दुसरा मजला.

विषय : दफनभूमीतील लहान मुलांच्या उतारावरील हिरवळ व माती वाहून जाण्यास मला जबाबदार धरून दुरुस्तीचे काम माझ्याच हातून करून घेणेबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे पाच अर्ज. २) आपले पत्र : "नैसर्गिक आपत्ती, कोणीही दोषी नाही, सबब प्रकरण बंद."

महोदय,

मी आपल्या विभागात एकतीस वर्षे नोकरी करून गेल्या वर्षी मुख्य माळी म्हणून निवृत्त झालो. संदर्भ क्र. २ चे आपले पत्र वाचले. आपण मोठ्या मनाने मला निर्दोष ठरवले, पण ते खरे नाही. म्हणून हा सहावा अर्ज.

१. माझ्या निवृत्तीच्या तोंडावर नव्या फाटकाच्या उद्घाटनाला पाहुणे येणार होते आणि हातात चार दिवस होते. उतार उघडा दिसू नये म्हणून तयार हिरवळीचे रोल आले. खालची जमीन घट्ट चिकणमातीची. ती आधी वीतभर खणायला हवी होती, पालापाचोळ्याचे कुजलेले खत मिसळायला हवे होते. मातीचा सामू कमी, म्हणजे माती आंबट होती, म्हणून चुन्याची भुकटीही घालायला हवी होती. मी यातले काहीच केले नाही. जमीन वरवर खरवडली आणि रोल अंथरले.

२. रोल उतारावर आडवे घालायचे असतात, आणि सांधे भिंतीतल्या विटांसारखे चुकवायचे. मी ते वरून खाली उभे घातले, कारण फाटकातून पाहणाऱ्याला सरळ हिरवे पट्टे दिसतात, गालिच्यासारखे. हे मला कोणी सांगितले नव्हते, माझीच हौस. घरून डबा घेऊन ही आली होती. ती म्हणाली, "अहो, आडवे घाला, पाणी उभ्यानं पळतं." मी चारचौघांत म्हणालो, "तू घरातलं बघ." हा शब्दही नोंदीत घ्यावा ही विनंती.

३. हिरवेपणा लवकर यावा म्हणून वर युरिया मारला. पाने तरारली, मुळे बोटभरही खाली गेली नाहीत. पाहुण्यांनी कौतुक केले. पुढे सलग तीन दिवस पाऊस झाला तेव्हा पाणी त्या उभ्या सांध्यांतून धावले आणि सगळे अंथरूण ओढावे तसे रोल मातीसकट घसरून खालच्या गटारापाशी गोळा झाले. पाऊस त्याच्या वेळेला आला होता, महोदय. त्याच्यावर आळ घेऊ नये.

मातीबरोबर क्रमांकाच्या लाकडी फळ्याही आल्या, एकूण त्रेसष्ट. त्या सध्या अवजारांच्या खोलीत फावड्यांमागे रचून ठेवल्या आहेत. कोणती फळी कोणत्या जागेची हे उतारावर उभे राहून आता कोणालाच सांगता येत नाही.

आपल्या कार्यालयातील कारकूनबाईंनी मला बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाल्या, "बाबा, लोक दोष काढा म्हणून अर्ज करतात. तुम्ही उलटंच काय लावलंय? आमच्याकडे तसा नमुनाच नाही." शेवटी त्यांनी दोषमुक्तीचा छापील नमुना दिला. त्यातील 'मुक्ती' हा शब्द मी प्रत्येक ठिकाणी खोडून सही केली. तो नमुना खाडाखोड असल्याच्या कारणाने परत आला.

नंतर मी स्वतःच काम सुरू केले. ढकलगाडीभर खत घेऊन गेलो तेव्हा पहारेकऱ्याने अडवले. त्याला कामाला मीच लावले होते. तो म्हणाला, "काका, तुमच्या पाया पडतो, पण माझी नोकरी जाईल." नियमाने वागला, त्याला बोल लावू नये. गाडी जप्त झाली असून पावतीवर "अनधिकृत माती" असे लिहिले आहे. बाहेरची माती अनधिकृत आणि आतली वाहून गेलेली, अशी सध्या स्थिती आहे.

आता असे कळते की उतारावर सिमेंट ओतून वर प्लास्टिकचे गवत बसवणार, म्हणजे देखभाल नको. महोदय, त्या उताराला देखभाल नको असे कसे म्हणता येईल? लहान मुले आहेत ती.

सेवानियमांप्रमाणे ज्याच्या चुकीने काम बिघडले, त्याच्याकडूनच ते पुन्हा करून घेता येते, निवृत्तीनंतरही. मात्र दोष सिद्ध व्हावा लागतो. म्हणून माझी चौकशी करावी. साक्षीदार मीच आहे आणि उलटतपासणीत फिरणार नाही. काम असे करीन : आडव्या पायऱ्या, खत-चुना मिसळून माती मोकळी करणे, वर काथ्याची जाळी खुंट्यांनी पक्की, कडेने खोल मुळांचा वाळा, आणि मग गवत बियांपासून, सावकाश. वाळू कोणी सुचवली तर नको म्हणावे, चिकणमातीत ती विटेसारखी बसते. पुढच्या पावसाळ्याला साडेतीन महिने आहेत. शिवाय जुनी नोंदवही व मोजणीची साखळी मला द्यावी, म्हणजे वरच्या भिंतीपासून मापे घेऊन त्रेसष्ट फळ्या जागच्या जागी लावता येतील.

मला कीर्तनाचे वेड. आमचे बुवा एकदा निरूपणात म्हणाले होते, देवापुढे चूक कबूल करणे सोपे, त्याला ती आधीच ठाऊक असते. ज्याला ठाऊक नाही त्याच्यापुढे कबूल करायला छाती लागते. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. म्हणून एक गोष्ट, जी मागच्या पाच अर्जांत लिहिली नाही.

सहावी ओळ, क्रमांक एकोणीस ही आमची मुलगी. अकरा दिवसांची होती, नाव ठेवायचे राहिले, म्हणून फळीवर आकडाच. त्यानंतर चार महिन्यांनी मी आपल्याकडे नोकरीला लागलो. मुलाखतीत कारण विचारले तेव्हा 'झाडांची आवड' असे सांगितले होते, तेही या अर्जाने दुरुस्त करावे. एकतीस वर्षे वाटे, डोळे बांधले तरी तिची जागा दाखवीन. आता ही रोज उताराखाली येऊन विचारते, "आपली कुठली हो?" मी लगेच बोट दाखवतो. ती तिथे बसते, ओंजळीने माती वर सारते आणि समाधानाने घरी येते. मी दाखवतो ती जागा खरी की नाही, हे मला माहीत नाही.

तेव्हा मला दोषी ठरवून लवकर आदेश व्हावेत. शिक्षा नियमात असेल ती द्यावी, फक्त उतारावरच द्यावी.

आपला नम्र,
(सही)
सेवानिवृत्त मुख्य माळी

सोबत :
१) खाडाखोडीचा नमुना, मूळ प्रत.
२) ढकलगाडी जप्तीची पावती.
३) उताराचा आराखडा, पायऱ्यांच्या मापांसह.
४) मातीचा नमुना, एक लहान पिशवी, ही जिथे बसते तिथला. तपासून झाल्यावर टाकून देऊ नये. परत नेऊन ठेवायचा आहे.