डाव्या गुडघ्याचं खरं

सोम. ३ नोव्हें.
गोखिवऱ्याहून कामावरून सुटायला उशीर, पॅकिंगचा माल अडकला होता. मनवेलपाड्याला घरी पोचले तर तनू दारातच उभी. शनिवारी फिजिओ मॅडम बॅलन्सची टेस्ट घेणार. पास झाली तर जिल्ह्याच्या खो-खो संघाच्या निवडीला उभं राहता येईल. नाही तर हे वर्ष गेलं.
पावसाळ्यात खांबाला वळसा घेताना डावा गुडघा मुरगळला होता. आता काही दुखत नाही म्हणते. पण जिना उतरताना कठडा धरते. विचारलं तर, "सवय लागलीय गं."

बुध. ५
वाचनालयातून गुडघ्यावरचं पुस्तक आणलं. एकेक पान दोनदा वाचावं लागतं, पण कळतं. टेस्टचं त्यात नाही, ते तनूच्या फोनवर वाचलं. हात कमरेवर, एका पायावर उभं राहायचं, टाच उचलायची नाही. दुसरा पाय जमिनीवरच्या पट्टीवरून जाईल तितका लांब न्यायचा. समोर, मग मागे तिरका दोन्हीकडे. नंतर पाय बदलून तेच. दोन पायांत फरक किती पडतो ते मुख्य बघतात. मीच तिला वाचून दाखवलं.
स्वयंपाकघरात चिकटपट्टी लावली. चांगल्या उजव्यावर उभी राहिली तर दुसरा पाय पार ओट्याखाली गेला. डाव्यावर उभी राहिली की वीतभर आधीच थरथर. गुडघा आत वळतो.
"परत कर."
"आई, तू आमच्या कोच सरांपेक्षा डेंजर आहेस."
हसलो. पण परत केलं नाही तिने.

शुक्र. ७
भात करपला. लक्ष नाही.
संघातल्या मुली खालून ओरडत होत्या, "ए पेन्शनर, उद्या येतेस ना?" एरवी धावत गेली असती. एकेक पायरी उतरली.
ह्यांचा रेनकोट दारामागून काढायचा म्हणते. आजही राहिला.

शनि. ८
टेस्ट झाली. मॅडम तरुण, वसईच्या. "घाई नको करू हां बाळा."
आधी डाव्या पायावर. घरी कमी पडायचं तेवढंच इथेही कमी पडलं. मग उजव्यावर. इथे मी बघतच राहिले. ओट्याखाली जाणारा पाय मध्येच थांबला. तोल गेल्यासारखं केलं तिने. तिन्ही बाजूंना तसंच.
मॅडम म्हणाल्या, "दोन्हीकडे जरा कमीच आहे, पण सराव सुटलाय, होतं असं. फरक नाही, ते महत्त्वाचं."
सर म्हणाले, "ताई, पोरीने कमावलं हं!"
मी हो म्हणाले. कशी म्हणाले...
रिक्षात विचारणार होते. ती सगळा रस्ता बाहेर बघत होती.

रवि. ९
चहा झाल्यावर बोलले. "उजव्यावर उभी होतीस तेव्हा दुसरा पाय मुद्दाम आखडता घेतलास."
"तूच वाचून दाखवलंस ना, फरक बघतात म्हणून."
"चोरी थोडीच केली? पुढे गेला असता, नाही नेला. एवढंच."
"आणि गुडघा?"
"सगळ्यांचंच काही ना काही दुखतं. पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही या गटात. मग काय करू, तुझ्याबरोबर पॅकिंग?"
लागलं. काम वाईट नाही माझं. तरी लागलं.
ह्यांनीही छातीत दुखतंय ते कामावर कुणाला सांगितलं नव्हतं. अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. बापाचं मरण पुढे करून पोरीला अडवायचं नाही.
एवढंच सांगितलं, बुधवारी निवड आहे, मंगळवारपर्यंत तू मॅडमना सांग. नाही तर मी सांगणार.
"सांग. मग माझ्याशी बोलू नकोस."

सोम. १०
डबा ओट्यावर ठेवून गेली.
मॅडमचा नंबर काढला, फोन खाली ठेवला. पुन्हा पडली तर कायमचं होईल, हे एक. मी सांगितलं तर पुढे कधी काही सांगणार नाही मला, हे दुसरं. दोन्ही खरं.

मंगळ. ११
उद्या निवड. कामावरून थेट ग्राउंडवर गेले. तनू पाटीवर, खो मिळायची वाट बघणाऱ्यांच्या रांगेत बसलेली. खो मिळाला, उठली, पळाली, खांबाला लांबून वळसा.
सर ओरडले, "तनू, खांब धर! बैलगाडी वळवतेस का?"
पुढच्या खेपेला जवळून घेतला. पडली नाही. माझा मात्र हात तोंडावर.
मॅडम कडेला उभ्या होत्या. त्यांच्याजवळ गेले.
"काय काकू?"
"तनूला तुमच्याशी बोलायचंय." मुद्दाम मोठ्याने म्हणाले. माझ्याकडून एवढंच झालं.
तिला ऐकू गेलं. परत खो मिळाला, खांबापर्यंत पळाली आणि वळलीच नाही. खांब धरून थांबली. मुली ओरडताहेत, सर शिट्टी वाजवताहेत. मग चालत आमच्याकडे आली. डोळे लाल.
"आई, तू बाहेर थांब."
आले बाहेर. गेटसमोरच्या बाकावर बसून लिहितेय. तनू पाय पुढे करून जमिनीवर बसलीय. मॅडम तिच्यासमोर वाकल्यात. गुडघा दाबून बघताहेत, की नुसती माती झटकताहेत, इथून कळत नाही.