आई ‘आपल्या’ म्हणाली

९ मार्च, सकाळी

चिमे,

सप्रेम सलाम. घ्यायचा की परत पाठवायचा ते तू ठरव, मी आपला लिहिते. इकडे सगळे बरे आहोत, म्हणजे जसे असतो तसे. तुझे भावोजी निवृत्त झाल्यापासून घरातले नळ दुरुस्त करत सुटलेत. आधी एकच गळत होता. माझं शिवणकाम चालू आहे, पण नवे कपडे हल्ली कुणी शिवून घेत नाही. चेन बदलून द्या, पँटची उंची कमी करा, एवढंच. डोळ्यांनाही तेवढंच झेपतं म्हणा.

परवा लाँड्रीच्या गल्लीतून गेले. लाँड्री आता नाही, तिथे फरश्यांचं दुकान झालंय. भिंतीत वाफेच्या पाइपांची भोकं मात्र तशीच आहेत, नुसता सिमेंटचा हात फिरवलाय त्यांच्यावर. मी उगाच थोडा वेळ उभी राहिले. दुकानदारानं विचारलं, काय दाखवू? म्हटलं, काही नको, माझी आई इथे इस्त्री करायची. त्यानं बिचाऱ्यानं मला बसायला खुर्ची दिली.

शाळा सुटली की आपण तिघं थेट तिथेच जायचो, आठवतं ना? हॉटेलांच्या चादरींचा ढीग असायचा आणि घडी घालायला दोन माणसं लागायची. कोपऱ्याला कोपरा लावून एकमेकींकडे चालत यायचं आणि आपल्या हातातली कड समोरचीच्या हातात द्यायची. तू बुटकी, तुझी कड नेहमी जमिनीला लागायची. आई प्रेसवरून मान न वळवता म्हणायची, “हं, म्हणा.” मग आपण चालता चालता म्हणायचो: येशू आपल्या पापांसाठी मेला. त्याला पुरलं. तिसऱ्या दिवशी देवानं त्याला उठवलं. मग तो पेत्राला भेटला, मग सगळ्यांना भेटला.

बस, एवढंच. बाकीचं चर्चमध्ये पाळक सांगतील, पण एवढं मी द्यायचं, असं ती म्हणायची. तिला ते शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या मावशींनी दिलं होतं, मावशींना त्यांच्या आजारपणात एका नर्सनं. नर्सला कुणी दिलं ते आईला ठाऊक नव्हतं. “मागे मागे जात राहिलीस ना,” ती म्हणाली होती, “की शेवटी येशूच्या रिकाम्या कबरीपाशी घाबरून उभ्या राहिलेल्या बायका सापडतील.” मला तेव्हा वाटायचं, त्या बायकाही आपल्यासारख्याच ओल्या हातांच्या असतील.

आणि दादा. एकदा तो मळक्या कपड्यांच्या टोपलीत लपून बसला आणि ‘उठवलं’ म्हटल्याबरोबर अंगावर चादर घेऊन बाहेर उडी मारली. तू किंचाळलीस, मावशींच्या हातातला पाण्याचा तांब्या पडला. आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, तो भूत होऊन नाही आला रे, जिवंत आला, आपल्या माणसांबरोबर बसून मासा खाल्ला त्यानं. दादा म्हणाला, मग मलाही काहीतरी खायला दे. आई हसता हसता खालीच बसली. तिला इतकं हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही.

असो. आईचं लिहायचंय.

हिवाळ्यात निरोप पाठवला होता तेव्हा ‘अशक्तपणा आहे’ एवढंच कळवलं होतं. तो अशक्तपणा नव्हता. अर्धांगाचा झटका होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ऐकू येतं, कळतं सगळं. डाव्या हातानं खुणा करते. सूप भरवलं तर घेते. मला आणि भावोजींना ती उचलवत नाही, म्हणून एक माणूस मदतीला येतो. अंगानं दणकट आहे, पण उचलतो अगदी अलगद. तिला अंघोळीच्या खुर्चीत बसवून देतो, गादी उलटतो, दर रविवारी खिडकीशी नेऊन बसवतो.

दुपारी

एवढं लिहून उठले होते. भांडी घासली, एक ब्लाउज उसवला, तो चुकीचाच उसवला. आता लिहूनच टाकते.

तो माणूस म्हणजे क्रेनवाला. चिमे, इथे पत्र फाडू नकोस. पुढचं वाचून मग फाड.

मी काही विसरलेली नाही. गोदामात दादा खाली माल बांधत होता आणि हा वर क्रेनवर दुपारीच पिऊन बसला होता. त्याच्या हातून खोका दादावर सुटला. कोर्टानं शिक्षा दिली तेव्हा ती कमीच आहे असं आपण तिघीही म्हणालो, आईसुद्धा. मग आई त्याला तुरुंगात भेटायला गेली, तू भांडलीस आणि बॅग उचलून निघून गेलीस. त्या भेटीत काय झालं ते तुला कधी ऐकायचंच नव्हतं. मी आईबरोबर होते, म्हणून मीच सांगू शकते.

आधी दोनदा त्यानं भेटायला नकार दिला होता. तिसऱ्यांदा आला, जाळीपलीकडे खाली मान घालून बसला. आई खुर्ची जाळीजवळ ओढून बसली. मला वाटलं, आता ही रडेल किंवा शिव्या देईल, आणि मला दोन्ही चाललं असतं. ती म्हणाली, “तू केलंस ते मी लहान करून सांगणार नाही. माझा मुलगा गेला. पण मला जे मिळालंय ते फक्त चांगल्या माणसांना दे, असं मला कुणी सांगितलं नव्हतं.” आणि तिनं ते सांगितलं. तेच, चादरींच्या घडीतलं. एक शब्द गाळला नाही.

तो मान वर न करता म्हणाला, “हे माझ्यासाठी कसं असेल?”

आई म्हणाली, “‘आपल्या’ म्हटलं ना मी. तुझ्या म्हटलं नाही, माझ्याही म्हटलं नाही. पेत्र येशूचा शिष्य, पण त्यानं येशूला ओळख दाखवली नव्हती, तीन वेळा. तरी येशू उठल्यावर आधी त्यालाच शोधत गेला.”

मग तो रडला. आई रडली नाही. बसस्टॉपवर आल्यावर तिला उलटी झाली, मी तिचं डोकं धरलं. तिला ते सोपं गेलं असं तुला वाटत असेल तर एवढं लक्षात ठेव.

आईनं घरी येऊन ‘आपल्या म्हटलं’ एवढंच सांगितलं, तेवढ्यात ‘त्याच्या पापाला स्वतःचं कशाला जोडतेस?’ असं तू ओरडली होतीस. मलाही तेच वाटत होतं. मी गप्प राहिले, एवढाच फरक.

तो सुटून आल्यावर मी त्याच्याशी बरीच वर्षं दारातूनच बोलायची. आता आत येतो. मी त्याला ‘अहो’ म्हणते, तर भावोजी आणि तो, दोघंही वळून बघतात. तो आईला ‘आई’ म्हणतो. हे लिहू की नको असं झालं होतं, पण तुला ते कानांनी ऐकायच्या आधी कळलेलं बरं. रविवारी तिला खिडकीशी बसवलं की तो तिच्या कानाशी वाकून ती चार वाक्यं सांगतो. एकदा मी विचारलं, कशासाठी? म्हणाला, त्यांचंच आहे, आता त्यांना म्हणता येत नाही म्हणून मी म्हणतो. माझ्या नातीनं ती वाक्यं पाठ केली ती त्याच्याकडून. आईचा पणतीला सांगायचा आवाज गेला होता ना.

डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस धरू नका. काल मी त्याला म्हटलं, चिमीला बोलावते आहे. तो लगेच उठला. म्हणाला, मग मी येत नाही, त्यांना त्रास नको. तो जायला वळला तर आईनं डाव्या हातानं त्याची बाही धरली. त्यानं सोडवायचा प्रयत्न केला, तिनं सोडली नाही. धरूनच माझ्याकडे बघत राहिली. मी विचारलं, चिमी हवी? तिनं डोळे मिटले आणि पाणी आलं. मी विचारलं, आणि हाही? बाही आणखी घट्ट धरली.

तिला दोघंही हवेत, चिमे. मी दोघांतलं एक निवडून तिला देऊ शकत नाही.

तेव्हा ये. तू येशील तेव्हा कदाचित दार तोच उघडेल. तू त्याच्याशी बोलायलाच हवंस असं नाही. त्याला माफ करून मगच ये असंही मी म्हणत नाही, ते माझ्या हातातलं नाही आणि मलाही कुठे एका दिवसात जमलं. राग आहे ना, तो घेऊनच ये. बाहेर ठेवून ये असं आई कधीच म्हणाली नसती.

फक्त उशीर करू नकोस.

तुझी,
ताई