मुठीवरची खाच

तोतो देल्फिन,

तुझा व्हिडिओ सगळ्या गल्लीनं पाहिला. कॅनडातल्या पोरांपुढे छाती काढून म्हणतोस, "वडिलांची अर्निस काठीविद्या एकट्या माझ्याकडे आली." शेजारची पुरिंग माझ्या तोंडावर म्हणाली, "मनांग, धाकट्या भावानं नाव काढलं हो! तू बसलीस भात रांधत." मी हसले. आतून जळून खाक झाले, ते सांगितलं नाही.

आठवतं? ऊसतोडीवरून आले की तातय अंगणात बसायचे. त्यांचा खांदा निकामी, म्हणून काठी चालवायला मी. "क्रिसांता, हाण! देल्फिन, अडव!" दहा वर्षं मी हाणत होते. अडवायचं कसं, ते मला एकदाही शिकवलं नाही. विचारलं तर म्हणाले, "तुला कोण मारायला येतंय?" लग्नानंतर कळलं, कोण येतं ते.

व्हिडिओत शेवटी मनगट मुरडून वार केलास. म्हणालास, "हा खास वडिलांचा." टाळ्या पडल्या. अरे, तातयनी तुझ्यावर कधी काठी उगारली तरी होती का? ते मनगट माझं! रेड्यावरून पडून मोडलं, वाकडंच सांधलं, म्हणून वार तसा पडायचा.

आता तातयची काठी मागतोस, काचेच्या कपाटात ठेवायला. पाठवते. हे पत्र मात्र तांदळाच्या डब्यातच राहील. काठीच्या मुठीवर बोटांची खाच पडलीय. तीत आपली बोटं बसवून बघ. नाही बसली, तर लोकांना सांग, वडिलांचा हात फार लहान होता.

तुझी मनांग,
क्रिसांता