वेल्डिंग मारलेला बोल्ट

अप्पा, आज तुमच्या गाडीखाली उताणी पडले होते, आणि खरं सांगते, मला तुमची शिसारी आली. या आठवड्यात गाडीचं पासिंग आहे. मागचं चाक डगडगतं, त्याच्या आतल्या बाजूचा, बोल्टाभोवती बसणारा रबरी बुश गेलाय. तो बदलला नाही तर गाडी पास होणार नाही, भंगारात जाईल. आईचे गुडघे वाकत नाहीत, तिला याच मागच्या सीटवर धड बसता-उठता येतं, दुसऱ्या कुठल्या गाडीत ती पाय ठेवत नाही. नारायणगावच्या गॅरेजवाल्याने नुसतं वाकून बघितलं आणि भंगारवाल्याचा पत्ता दिला. म्हणून पिंपरी पेंढारला, आपल्याच अंगणात, मी गाडी जॅकवर चढवली, खाली ओंडके लावले आणि पाना घेतला. तुम्ही मला पान्याला कधी हात लावू दिला नाहीत. टायर बदलताना जवळ आले की पोरीच्या जातीने हात काळे करू नयेत म्हणायचात आणि चहा आणायला पिटाळायचात.

नुसते काळे झाले असते तर चाललं असतं. तुम्ही वर्षानुवर्षं डिकीतून कोंबडखताच्या गोण्या आणल्यात. ते झिरपून पत्रा सडला, आणि खत, चिखल, जुनं ऑइल यांचा जाड थर बोल्टावर बसला. स्क्रूड्रायव्हरने खरवडते तर ढलपा थेट ओठांवर पडतो. डिझेल ओतलं तसा तो थर भिजला आणि असा वास सुटला की सरपटत बाहेर येऊन मला कोरड्या उलट्या झाल्या. पुन्हा आत गेले. पान्याला पाइप अडकवून लोंबकळले, हातोडा मारला, पाना सटकला आणि बोटांची सालं निघाली. बोल्ट जागचा हलेना. शेवटी चिंधीने नट पुसला तर त्याच्यावर वेल्डिंग. नट खालच्या पत्र्याला कायमचा चिकटवलेला. दुपारपर्यंत मी काय करत होते मग?

तुमची ही खोड घरभर आहे. न्हाणीची खिडकी वाऱ्याने आपटते म्हणून वेल्डिंग मारून बंद केलीत, भिंतीला आजही बुरशी येते. टाकीचं झाकण तसंच, म्हणून आतला गाळ निघत नाही. एकदा तुम्ही बसवलं की पुन्हा कुणी उघडायचं नाही. त्यात वेल्डिंगच्या आचेने हा बुश भाजून कडक झाला होता. म्हणजे तो तुम्हीच घालवलात.

आई ओट्यावर बसली होती. तिच्यापुढे मी तुम्हाला नको नको ते बोलले.

"शिनोलीच्या पुढं उतारावर त्यो बोल्ट ढिला झाला व्हता," ती म्हणाली. "चाक लई हालाया लागलं. तू मागच्या शिटावर झोपली व्हती. ह्यांनी घरी आल्यावर पाणीसुदिक घेतलं न्हाई. दुसऱ्या दिशी आळेफाट्याला जाऊन वेल्डिंग मारून आणलं."

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. तुम्ही घाबरला होतात हे मला कधी दिसलंच नाही, आणि ते ऐकून मला रडू आलं. पण हाताचा वास काही गेला नाही, आणि रागही सगळा गेला नाही.

शेजारच्या भाऊंचा ग्राइंडर आणून मी बोल्ट कापला. नवा बुश, नवा बोल्ट बसवला, हायवेपर्यंत चक्कर मारून आले. चाक हलत नाही. उद्या आईला घेऊनच पासिंगला जायचंय.

तुम्ही आता या जगात नाही, हे तुम्हाला पोचणार नाही म्हणूनच लिहिते. नव्या नटाला आतून नायलॉनची कडी आहे, तो आपोआप ढिला होत नाही. वेल्डिंग मारलं तर नवा बुशही भाजेल. सगळं कळतं मला. तरी मघाशी, आईची उशी मागच्या सीटवर ठेवताना, मी आळेफाट्याच्या वेल्डिंगवाल्याला फोन लावला. त्याने उचलला नाही. आता परत लावते.