दोन भाग राहिले

ताडकळस, माघ, १९४३. दिवेलागण

आमच्या विश्वनाथनं आज मुंबईच्या रेडिओवर मोठ्या वाद्यवृंदापुढं एकट्यानं ट्रम्पेट वाजवला. पहिला भाग संपून वादक क्षणभर थांबले, अन् शिवप्पाशेटनं दुकानातला रेडिओ बंदच केला! बॅटरी वाचवायला.

"शेट, अजून दोन भाग हायेत."

"काका, वरात पोचली की बँड थांबतोच!"

सगळे हसले. शाळेत कडव्यानंतर श्वास घेतला की गुरुजी "बस खाली" म्हणायचे, तसंच.

अन् दुसरा, संथ भाग तर त्यानं आईसाठी वाजवायचा ठरवलेला. दुकानात बायका बसत नाहीत, म्हणून ही घरीच.

दारातच विचारलं, "माझं वाजवलं का हो त्यानं?"

"वाजवलं." का म्हणालो असं?

"चुलीवरचं उतरवून येते, मग गुणगुणून दाखवा."

कसा असेल तो संथ भाग?

भांड्यांचा आवाज थांबला.