भरल्या घासावरून उठवल्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष महोदय,
जिल्हा ग्राहक आयोग, छिंदवाडा (म. प्र.)

अर्जदार : वामन भिवाजी खोडे, वय ५८, धंदा आचारी, मु. रामाकोना, तह. सौंसर, जि. पांढुर्णा
गैरअर्जदार : नभयात्री एअरलाइन्स, तर्फे व्यवस्थापक, प्रवासी सेवा

विषय : विमानात ठरलेले जेवण न देता पत्नीला घरचा डबाही खाऊ न दिल्याबद्दल भरपाई मिळण्याबाबत.

संदर्भ : १) दि. ८ जून २०२५ चे नागपूर–बंगळूर विमान. २) कंपनीचे दि. १९ जूनचे ईमेल.

महोदय,

१. मी एकतीस वर्षांपासून लग्नाच्या पंगतींचा आणि जामसांवलीच्या मारुतीच्या भंडाऱ्यांचा स्वयंपाक करतो. माझ्या हातून भाजी खारट झाली असेल, भात कमी पडला असेल. पण बसलेल्या माणसाला मी कधी पानावरून उठवलेले नाही. कंपनीने नेमका काय गुन्हा केला, हे मला वकिलापेक्षा जास्त कळते.

२. आमची मुलगी अमिता बंगळुरात बाळंत झाली. जावई भूपेंद्र यांनी आमची तिकिटे काढली आणि माझी पत्नी देवकाबाई हिला साखरेचा आजार असल्याने तिच्यासाठी पथ्याचे जेवण आधीच नोंदवून ठेवले. दोघांचाही हा पहिला विमानप्रवास. पत्नीने नवे लुगडे घेतले होते. तरीही सवयीने तिने ज्वारीची भाकर, वांग्याची कोरडी भाजी आणि ठेचा बांधून घेतला.

३. विमान दुपारी १२.४० चे. दरवाजा लागल्यावर विचारले असता तेथील कर्मचारी बाईंनी "बस, उड़ते ही खाना आ जाएगा," असे सांगितले. जेवणाआधी वीस मिनिटे इन्सुलिन घ्यावे लागते, म्हणून पत्नीने त्या शब्दावर विसंबून लुगड्याच्या आडून सुई टोचून घेतली. त्यानंतर विमान पाऊण तास जागचे हलले नाही. उडाल्यावर जेवणाची गाडी आमच्या रांगेपर्यंत आली आणि बाईंनी कागद पाहून सांगितले, "आपका खाना लोड नहीं हुआ." मी बिस्किटाचा पुडा मागितला. "आधी पुढच्या रांगा होऊ द्या" या अर्थाचे उत्तर मिळाले.

४. पत्नीने डबा उघडला. तिने एकच घास मोडला होता. पुढच्या सीटवरील इसमाने नाकाला रुमाल लावून मागे पाहिले. बाई परत आल्या आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आंटी, डिब्बा बंद कीजिए. पूरे विमान में बास जा रही है." दोन मुली हसल्या. घास डब्यात परत ठेवण्यात आला व डबा बंद करण्यात आला.

५. पुढे पत्नीला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले आणि जीभ जड झाली. मी वरची घंटी दाबत राहिलो. कर्मचारी येण्याआधी मागच्या सीटवरील मीना नावाच्या अनोळखी बाईंनी आपल्या चहाबरोबर आलेल्या साखरेच्या तीन पुड्या तिच्या तोंडात रिकाम्या केल्या. त्या बाई नसत्या तर हा अर्ज वेगळ्या कलमाखाली आला असता. नातवाला पाहायला गेलेली आजी विमानातून चाकाच्या खुर्चीवर उतरली.

६. तक्रारीवर कंपनीने अकरा दिवसांनी इंग्रजीत चार ओळी पाठवल्या. त्यात गैरसोयीबद्दल खेद आहे आणि पुढच्या प्रवासात वापरण्याचे एक कूपन आहे. खाली माणसाचे नाव नाही. ज्यांनी माझ्या बायकोला उपाशी ठेवले, त्यांच्याच विमानात आम्ही पुन्हा बसू असे कंपनी धरून चालली आहे! मला कूपन नको. माझी मागणी अशी की सेवा व्यवस्थापकाला रामाकोन्यात आणावे. मी त्याला पाटावर बसवीन, पुढे पान वाढीन, वरण-भातावर तूप सोडीन. त्याने पहिला घास उचलला की सर्व गावासमोर मी स्वतः ते पान उचलून नेईन. नंतर त्या उड्डाणाइतके, म्हणजे पावणेदोन तास, त्याने तिथेच, पोट रिकामे ठेवून, सरळ बसावे. कायद्यात अशी तरतूद नसल्याचे वकील म्हणतात. नसेल तर ती करावी.

७. येथवर अर्ज टाइप झाल्यावर साक्षीदार म्हणून पत्नीची सही घ्यायला गेलो. तिने तो माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला आणि चौथ्या परिच्छेदावर थांबवून विचारले, "डबा बंद करण्यात आला म्हणजे? कोनं केला?" मी पुढचा परिच्छेद वाचू लागलो. ती म्हणाली, "त्या पोरीनं तोंडानं म्हनलं. झाकन तुमी लावलं." हे खरे आहे. मी म्हणालो होतो, "बंद कर व, लोकं पाहून राहिले." आणि तिच्या हातातला घास मीच डब्यात परत टाकला होता. ती पुढे म्हणाली, "गावभर लोकाइले जेवाले बसवता तुमी, अन् मले उठवलं." बंगळूरहून परतल्यापासून ती मला ताट वाढते, पण आणखी काय हवे ते विचारत नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले. प्रवासाचा शीण असेल म्हणून मी दुर्लक्ष केले होते.

८. सबब मूळ मागणीत पुढील दुरुस्ती करावी. कंपनीने देवकाबाईच्या नावे, मराठीत, व्यवस्थापकाच्या सहीचे माफीपत्र द्यावे आणि ते त्याच विमानात सर्व प्रवाशांसमोर वाचावे. उपचाराचा खर्च व भरपाई तिच्या एकटीच्या खात्यात जमा करावी. त्या कर्मचारी बाईला कामावरून काढावे ही माझी मागणी पत्नीने खोडायला लावली आहे. मी ती नाइलाजाने खोडली. पान उचलण्याची मागणी मात्र कायम आहे. तसेच या प्रकरणात गैरअर्जदार क्र. २ म्हणून माझे नाव घालावे. अर्जदारच गैरअर्जदार होऊ शकत नाही असे वकिलांचे मत आहे, परंतु ते त्या विमानात नव्हते.

९. सुनावणीला देवकाबाई स्वतः हजर राहील. तिला काय सांगायचे आहे ते तिने मला सांगितलेले नाही. तिचे बोलणे पूर्ण होईपर्यंत मला मध्ये तोंड उघडू देऊ नये, एवढी विनंती.

न्यायाच्या प्रतीक्षेत, आपला नम्र,
वामन भिवाजी खोडे

साक्षीदार : देवकाबाई वामन खोडे (सही परिच्छेद ७ वाचून घेतल्यानंतर केली)

स्थळ : सौंसर
दिनांक : १४ जुलै २०२५

सोबत : तिकिटे व जेवण नोंदवल्याची पावती, बंगळूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी, कंपनीचे ईमेल, अर्जाचा हिंदी अनुवाद.